बाहेर दोरी नाही आणि घरात तान्हं बाळ: छोट्या फ्लॅटमधल्या धुण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर चौथ्या मजल्यावर. एक बीएचके, आतून मोजलं तर ३८० चौरस फूट. बाल्कनी बिल्डरनेच हॉलमध्ये घेतलेली, खिडक्यांना सरकत्या काचा, आणि सोसायटीचा दंडक असा की रस्त्यावरून रुमालसुद्धा दिसता कामा नये. बाळ झालं जूनच्या शेवटच्या आठवड्यात. मुंबईत पाऊस सरासरी ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परत फिरतो. म्हणजे बाळाचे पहिले शंभर दिवस आणि पावसाचे शंभर दिवस एकच. त्या दिवसांत आम्ही जे काही करून पाहिलं, फसलो, पुन्हा केलं, त्याबद्दल आता बिल्डिंगमधल्या, ऑफिसातल्या आणि नात्यातल्या बायका विचारतात. दोन बापांनीही विचारलंय, त्यांचं विशेष कौतुक.

लंगोट, दुपटी, झबली नक्की किती लागतील?

दुकानदाराला विचारू नका, स्वतः हिशेब करा: दिवसाला लागणारे कपडे गुणिले वाळायला लागणारे दिवस, अधिक अर्ध्या दिवसाची शिल्लक. आमचं बाळ पहिल्या महिन्यात दिवसरात्र मिळून सोळा-सतरा लंगोट ओले करायचं. जुलैत एक लंगोट पूर्ण कोरडा व्हायला दीड-दोन दिवस लागत. म्हणून आम्हाला चाळीस लागले. एप्रिलमध्ये बाळ झालं असतं तर पंचवीसांत भागलं असतं. दुपटी पंधरा, झबली दहा, टोपडी तीन. बाळंतविड्यात आलेले अस्तराचे, फ्रिलचे कपडे यात धरू नका. ते फोटोपुरते असतात आणि वाळायला तीन दिवस घेतात.

ढीग बघून घाबरू मात्र नका. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत निदान सहा वेळा चांगली शू करत असेल तर त्याला दूध पुरतंय, असं डॉक्टर सांगतात. धुणं ही त्याचीच पावती.

कुठलं कापड लवकर वाळतं?

पातळ. एवढंच लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. आजीची वापरून वापरून विरलेली सुती साडी किंवा धोतर, त्याचे चौकोन फाडा, कडा नुसत्या दुमडून शिवा. वापरताना चार घड्या घालायच्या, वाळवताना एकच पदर मोकळा टांगायचा. दुकानातल्या तयार कापडी डायपरांचं बाहेरचं कव्हर दोन तासांत वाळतं, पण आतला जाड, चार-पाच थर एकत्र शिवलेला पॅड पावसाळ्यात अंत पाहतो. ते घ्यायचेच असतील तर पॅड एका टोकाला शिवलेला आणि उलगडणारा बघून घ्या.

नाडीचे लंगोट घेत असाल तर एक सांगते. लंगोट वाळतो, नाडी वाळत नाही. गाठ मारलेली राहिली तर गाठीच्या आत ओल तशीच असते आणि ती बरोबर बाळाच्या कंबरेवर येते. टांगताना प्रत्येक नाडी सोडून लोंबती ठेवा.

घरात टांगायचं तरी कुठे?

आमच्याकडे चार जागा होत्या आणि चारांचे स्वभाव वेगळे.

छताचा पुलीचा हँगर सगळ्यांच्या घरी असतो. त्यात एक गोम आहे. पंखा वारा खाली फेकतो. कपडे दोरीने छताला नेऊन भिडवले की ते पंख्याच्या पात्यांच्या वर राहतात, आणि तिथे वारा जवळजवळ नसतो. आम्ही पहिले दहा दिवस दांड्या अगदी वर ओढून ठेवायचो आणि पंख्याला शिव्या घालायचो. मग रात्री बाळ झोपलं की दांड्या डोक्याच्या उंचीला उतरवायला लागलो, आणि सकाळी वर. फरक पहिल्याच दिवशी कळला. हँगर बसवताना स्लॅबमध्येच ठोकून घ्या, पीओपीच्या फॉल्स सीलिंगला नाही. ओलं धुणं जड असतं. आणि खाली पाळणा नको, कधीच नको.

घडीचं स्टँड सोयीचं, पण भिंतीला चिकटवून ठेवू नका. फूटभर अंतर हवं. कपड्यांमध्ये एक मूठ मावेल इतकी फट, आणि एक लांब, एक आखूड असे आळीपाळीने. नाहीतर ओले कपडे एकमेकांनाच ओल देत बसतात.

तिसरी जागा खिडकीच्या आतल्या बाजूची आडवी दांडी. तिच्यावर मी फक्त डागाळलेले कपडे टाकायचे. का ते पुढे सांगते.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगली, बाथरूम. ऐकून नाक मुरडू नका. आमच्या बाथरूमला एक्झॉस्ट फॅन आहे. शेवटची आंघोळ झाली की लादी कोरडी ओढून घ्यायची, नळावर एक दांडी, दार लावायचं, पंखा चालू. दाराखालच्या फटीतून घरातली हवा आत येते, कपड्यांवरून जाते आणि ओल घेऊन बाहेर पडते. रात्री अकराला टाकलेले लंगोट सकाळी सातला नव्वद टक्के कोरडे. पंख्याची जाळी मात्र महिन्याला धुवा. लोकरीसारखी धूळ बसते.

दिवसभर पंखा फुल ठेवूनसुद्धा कपडे आंबटओलेच राहतात. का?

कारण पंखा पाणी कपड्यातून काढतो, घरातून काढत नाही. हा एकच मुद्दा मला कुणी बाळंतपणाआधी सांगायला हवा होता.

आकडे बघा, कठीण नाहीत. दहा बाय बाराची खोली, नऊ फूट उंची, म्हणजे साधारण ३० घनमीटर हवा. २७ अंश तापमानाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २५-२६ ग्रॅम वाफ मावते. पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८० टक्के असला तर त्यातले २० ग्रॅम आधीच भरलेले. उरली जागा पाच ग्रॅमची. तीस गुणिले पाच, १५० ग्रॅम. एक चहाचा मोठा कप, बस. एवढं पाणी प्यायलं की खोलीतल्या हवेचं पोट भरलं.

आता धुणं. दोन किलो सुके कपडे मशीनमध्ये धुऊन, चांगले फिरवून काढले तरी त्यात सव्वा लिटरच्या आसपास पाणी राहतं. हाताने पिळले तर याहून बरंच जास्त. म्हणजे खोलीतली सगळी हवा निदान आठ वेळा बदलली, तर कुठे ते धुणं वाळणार. खिडक्या बंद करून पंखा गरगर फिरवला तर तीच भरल्या पोटाची हवा कपड्यांवरून फिरत राहते.

म्हणून: एक खिडकी चार बोटं उघडी, आणि तिच्या विरुद्ध टोकाला हवा बाहेर ओढणारं काहीतरी. बाथरूमचा एक्झॉस्ट, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट, काही नसेल तर दुसऱ्या खिडकीत बाहेर तोंड करून ठेवलेला टेबल फॅन. पाऊस पडत असला तरी खिडकी उघडीच. बाहेर पाऊस आहे म्हणून खिडकी लावून घेणं हीच आमची पहिली चूक.

आणखी एक गंमत. तीच खोली २७ ऐवजी ३० अंशांवर गेली तर हवेत वाफेसाठी जवळजवळ दुप्पट जागा होते. म्हणूनच दुपारी दोन ते पाचमध्ये, ढग असले तरी, कपडे भराभर वाळतात आणि पहाटे अडून बसतात. मशीन सकाळी दहाच्या आत लावून मोकळं व्हावं ते यासाठी.

मग गॅसच्या शेगडीजवळ, फ्रिजच्या मागे टाकले तर? उष्णता असते ना तिथे.

शेगडीजवळ अजिबात नको. आगीचं तर आहेच, पण गॅस जळताना त्यातून पाणीही तयार होतं. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात घरात सुटतं, १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरांहून जास्त. स्वयंपाक चालू असताना ओट्याच्या टाइल्सना घाम येतो तो उगाच नाही. शिवाय फोडणीचा वास झबल्यांना लागतो तो वेगळाच.

जुन्या फ्रिजला मागे काळी जाळी असायची, तिच्यावर आमची आई लंगोट वाळवायची. आताच्या बहुतेक फ्रिजमध्ये ती जाळी बाजूच्या पत्र्याच्या आत असते. तिथे कपडे टाकून फ्रिजला गुदमरवू नका. स्टॅबिलायझरवर तर नकोच नको.

एसी लावला तर वाळतात का? डिह्युमिडिफायर घ्यावा का? की सरळ ड्रायर?

एसी वाळवतो, कारण तो पाणी खरोखर घराबाहेर टाकतो. आमच्या एक टनाच्या एसीच्या पाइपाखाली नवऱ्याने हट्टाने बादली लावली. ड्राय मोडवर, बेडरूमची दारं-खिडक्या बंद, स्टँड आत, बाळ हॉलमध्ये आजीजवळ. तीन तासांत बादलीत सव्वादोन लिटर पाणी. नवरा ती बादली घेऊन घरभर मिरवत होता. एसी लावला की खिडकी बंद, एक्झॉस्ट लावला की खिडकी उघडी. दोन्ही एकदम केलंत तर तुम्ही बाहेरचा पाऊसच वाळवताय.

डिह्युमिडिफायर तेच काम कमी विजेत करतो. छोटं मशीन २०० ते २५० वॉट खातं, म्हणजे आठ तासांना दोन युनिट. वर थोडी उष्णताही सोडतं, तीही कपड्यांच्या कामी येते. एसी नसेल आणि घराला ओल धरत असेल तर पैसे वाया जात नाहीत, कारण बाळाचे लंगोट सुटल्यावरही त्याचा उपयोग राहतो. दुकानात लटकवायच्या त्या पाणी शोषणाऱ्या पिशव्या मिळतात, त्या कपाटासाठी. धुणं वाळवायला त्या म्हणजे समुद्रात लिंबू पिळणं.

ड्रायर असलेलं मशीन घेत असाल तर दोन आकडे विचारा. धुण्याची क्षमता आठ किलो लिहिलेली असते, पण वाळवण्याची पाच किंवा त्याहून कमी. आठ किलो धुऊन आठही किलो वाळतील या आशेवर राहू नका. आणि एका वेळच्या वाळवणीला तीन-चार युनिट सहज लागतात. रोज लावायचं म्हटलं तर बिलावर दिसतं. आमच्या शेजारणीने घेतलं आणि ती सुखात आहे, हेही सांगायला हवं.

सासूबाई म्हणतात बाळाचे कपडे पिळायचे नाहीत, बाळ अंगाला पीळ देतं. न पिळता वाळवू कसे?

आमच्याकडेही हेच. आईंचं म्हणणं, लंगोट पिळला की बाळ पिळवटतं. मी पहिले तीन दिवस वाद घातला, चौथ्या दिवशी तोडगा काढला. मोरीवर जुना टर्किश टॉवेल पसरायचा, त्यावर लंगोट ओळीने लावायचे, वळकटी करायची आणि तिच्यावर गुडघ्याने दाबायचं. टॉवेल पाणी पितो, लंगोट पिळला जात नाही, आई खूश. मशीनच्या फिरकीला त्यांची हरकत नव्हती, कारण “ते यंत्र आहे, त्याला काय कळतंय.” एकदा जास्तीची फिरकी, म्हणजे नुसतं स्पिन पुन्हा लावणं, ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यांत स्वस्त वाळवण आहे. दहा मिनिटांत जे पाणी निघतं ते काढायला पंख्याला तास लागतात.

तिन्हीसांजेनंतर बाळाचे कपडे बाहेर ठेवू नयेत, हा दुसरा नियम. आपल्याकडे बाहेर जागाच नाही, त्यामुळे हा वाद आमच्या घरात झाला नाही.

शीचे लंगोट मशीनमध्ये टाकले तर चालतात का?

आधी शी काढून, मग. संडासाच्या जेटने थंड पाण्यात उडवून टाका, साबणाची वडी फिरवा, मग मशीन. पहिलं पाणी थंडच हवं. गरम पाण्याने दूध आणि शीमधलं प्रथिन कापडातच घट्ट बसतं. मशीनमध्ये ४० अंश आणि एक जास्तीचं खळबळणं. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी, डांबरासारखी शी निघता निघत नाही. त्या लंगोटांना फार जीव लावू नका.

ओले लंगोट साठवताना पाणी भरलेली बादली ठेवू नका. वास तर येतोच, पण खरं कारण वेगळं आहे: बाळ रांगायला लागलं की वीतभर पाण्याची बादलीसुद्धा जीवघेणी असते. झाकणाची, भोकं असलेली कोरडी टोपली पुरते. ज्यांच्याकडे पालिकेचं पाणी सकाळी दोनच तास येतं त्यांनी संध्याकाळचे लंगोट नुसते खळबळून, निथळून टोपलीत टाकावेत.

साबण किती? अँटिसेप्टिक लिक्विड घालावं का? सॉफ्टनर?

पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ, असं नसतं. तो कापडात राहतो आणि बाळाच्या मांड्यांना लागतो. परीक्षा सोपी आहे. धुतलेला एक लंगोट काचेच्या बोलमध्ये साध्या पाण्यात घेऊन चुबका. पाण्यावर फेस आला तर साबण अजून आत आहे. आमच्या पहिल्या परीक्षेत बोलभर फेस आला होता. मुंबईत तलावांचं मऊ पाणी, त्यात साबण उगाच जास्त फेसाळतो. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात फेस कमी आणि कापड पापडासारखं कडक. तिथे शेवटच्या खळबळीत चमचाभर पांढरं व्हिनेगर चालतं, पण ब्लीचबरोबर ते कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

अँटिसेप्टिक रोज नको. त्याचा उरलेला अंश नाजूक कातडीला झोंबतो, आणि निरोगी बाळाच्या लंगोटाला हॉस्पिटलसारखं निर्जंतुक करायची गरज नसते. सॉफ्टनरने कापडावर थर बसतो आणि लंगोट पाणी प्यायचा थांबतो. मग शू लंगोटातून ओघळून दुपट्यात, दुपट्यातून गादीत.

पिवळे डाग जात नाहीत. घासून घासून कापड विरलं.

घासू नका. आईच्या दुधावरच्या बाळाच्या शीचा तो हळदी रंग बराचसा बिलिरुबिनचा असतो, आणि बिलिरुबिन उजेडात तुटतं. काविळीच्या तान्ह्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात ते याच गुणावर. तोच उपाय लंगोटाला. डाग ओला ठेवून, डागाची बाजू काचेकडे करून खिडकीच्या दांडीवर टाका. काचेतून येणारा उजेडही चालतो, ढगाळ असला तरी चालतो, फक्त वेळ लागतो. ऑगस्टमधल्या एका दुपारी दोन तास ऊन आलं तेव्हा मी सात लंगोट ओले करून खिडकीत लावले होते. चार वाजता त्यातल्या पाचांवर डाग कुठे होता ते शोधावं लागलं.

औषधाच्या थेंबांचे, विशेषतः लोहाच्या औषधाचे डाग मात्र उजेडाला दाद देत नाहीत.

धुतलेल्या कपड्यांना कुबट वास येतो. पुन्हा धुतले तरी येतो.

तो वास ओलीचा नाही, ओलीत वाढलेल्या जिवाणूंचा आहे. मोरॅक्सेला नावाचा जिवाणू त्यातला मुख्य. एकदा त्याने कापडात घर केलं की कपडा सुका असताना वास येत नाही आणि बाळाच्या घामाने किंचित ओला झाला की लगेच येतो. सुगंधी साबणाने तो झाकला जातो, मरत नाही.

उपाय गरम पाणी. ६० अंशांवर मशीन, किंवा मोठ्या पातेल्यात कडकडीत पाणी घेऊन अर्धा तास झाकून ठेवा, मग नेहमीसारखं धुवा. सुती लंगोटाला काही होत नाही; इलॅस्टिक आणि डायपरचं प्लास्टिकचं कव्हर वेगळं काढा. मशीनचंही बघा. दाराच्या रबराच्या वळीत बोट फिरवून वास घ्या, बरेचदा चोर तिथे सापडतो. धुणं झाल्यावर दार उघडं ठेवा आणि कपडे मशीनमध्ये तासभरही पडू देऊ नका. वास न येण्याची लढाई टांगल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच तासांत असते. तेवढा वेळ वारा मिळाला तर उरलेला ओलावा सावकाश गेला तरी चालतो.

कपडा खरंच वाळलाय हे कसं कळणार? हाताला तर कोरडा लागतो.

हात खोटं बोलतात, वरचा ओठ बोलत नाही. शिवणीची किंवा घडीची जागा वरच्या ओठाला लावा. गार लागली तर आत पाणी आहे. आमच्या आईंची पद्धत गालाला लावायची, तीही बरोबर. असा आंबटओला लंगोट बांधला की दोन दिवसांत पुरळ, आणि लाल, ठिपक्याठिपक्यांचं पसरणारं पुरळ असेल तर ते बुरशीचं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.

शेवटची ओल इस्त्रीने काढा. ओलेगच्च कपडे इस्त्रीने वाळवत बसू नका, वीज आणि कंबर दोन्ही जातात. नव्वद टक्के वाळलेल्या लंगोटावर दोनदा इस्त्री फिरवली, वाफ निघून गेली, पाच मिनिटं पंख्याखाली पसरला की झालं. गरम असतानाच घडी घालून ठेवलात तर वाफ आतच राहते आणि सकाळी तो पुन्हा सादळलेला.

डायपर मशीनमध्ये धुतला गेला! सगळीकडे जेलीचे दाणे आहेत.

या पापाचे आम्ही धनी आहोत. पहाटे चारला दुपट्यात गुंडाळलेला डायपर तसाच मशीनमध्ये गेला. दार उघडलं तर आत साबुदाण्याची खिचडी. घाबरू नका; तो स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी पिणारा पॉलिमर असतो. पुन्हा पाणी घालून धुतलंत तर दाणे आणखी फुगतील. कपडे बाहेर काढून, वर्तमानपत्र पसरून झटका, वाळू द्या, पुन्हा झटका. ड्रममधले दाणे पुठ्ठ्याच्या तुकड्याने गोळा करून कचऱ्यात टाका, मोरीत ओतू नका. उरलेल्यांवर मूठभर मीठ. मीठ लागलं की जेली पाणी सोडून बसकण मारते. मग एक रिकामं आवर्तन, आणि मशीनचा फिल्टर काढून साफ. माझ्या काळ्या कुर्त्यावर दोन आठवडे दाणे सापडत होते.

मालिशच्या तेलाचे कपडे वेगळे धुवायचे का?

हो. दोन दुपटी आणि एक टॉवेल मालिशसाठीच ठेवा. तेल राहिलं की खवट वास येतो आणि तो बाकीच्यांना लागतो. गरम पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, हाताने. ड्रायरमध्ये तेलकट कापड घालू नका. तेल असलेलं कापड गरम घडीत आपोआप तापत जाऊन पेटू शकतं.

कपड्यांना धुरी द्यावी का?

शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून, वर टोपली पालथी घालून तिच्यावर कपडे टाकायची पद्धत कौलारू घरातली होती. कौलांतून धूर जात होता, पडवी होती. ३८० चौरस फुटांत तो धूर बाळाच्या छातीत जातो. नको.

माळ्यावरच्या पेटीत मोठ्या मुलाचे कपडे आहेत. धुऊन वापरू ना?

पेटी उघडल्याबरोबर वास घ्या. डांबरगोळ्यांचा वास आला तर थांबा. त्या गोळ्या नॅफ्थलीनच्या असल्या तर त्यांची वाफ कपड्यांत, गोधड्यांत मुरलेली असते. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. पारशी समाजात ते बऱ्याच जणांत आढळतं, पण इतरांतही असतं आणि मुलींपेक्षा मुलांत जास्त. अशा बाळाला त्या वाफेने तांबड्या पेशी फुटून कावीळ एकदम चढू शकते. आपल्या बाळाला ही कमतरता आहे की नाही हे घरी दिसत नाही. म्हणून तान्ह्यासाठी ते कपडे काढूच नका, विशेषतः लोकरीची कुंची आणि गोधडी. यापुढे ठेवायचे असतील तर पूर्ण कोरडे करून, कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधून ठेवा.

भिंतीला काळे ठिपके आलेत. धुण्यामुळे का?

बहुधा. बाहेरच्या बाजूची गार भिंत आणि तिला टेकलेलं कपाट, या मधल्या जागेत घरातली वाफ जाऊन बसते. कपाट चार बोटं पुढे ओढा, भिंत ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा (बाळ दुसऱ्या खोलीत असताना) आणि त्या खोलीतलं वाळवण बंद करा. वरून पाणी झिरपत असेल तर मात्र तो सोसायटीचा विषय, लंगोटांवर ढकलू नका.

नागपूरला, किंवा परदेशात राहणाऱ्यांनी काय करायचं?

नागपूरच्या एप्रिलमध्ये खोलीत टांगलेला लंगोट दुपारी दोन तासांत कडकडीत, आणि वर खोली थोडी गार. ते दिवस ज्यांचे त्यांना लखलाभ.

मावसबहीण लंडनजवळ राहते, तिचं बाळ जानेवारीचं. ती खिडकी उघडायला धजत नव्हती, कारण बाहेर पाच अंश आणि रिपरिप. पण पाच अंशांच्या हवेत घनमीटरला जेमतेम सात ग्रॅम वाफ मावते. तीच हवा आत येऊन वीस अंशांना तापली की तिच्यात आणखी दहा ग्रॅमची जागा होते. म्हणजे बाहेर पाऊस असला तरी आत आल्यावर ती हवा कोरडीच. दर दोन तासांनी दहा मिनिटं खिडकी सताड उघडायची, मग बंद. तिच्या काचांवरचे ओघळ आठवड्यात थांबले. मला आठ ग्रॅमची जरी जागा मिळाली असती ना जुलैत!

वाळलेले कपडे घडी करताना काही बघायचं असतं का?

मोजे आणि हातमोजे उलटे करून बघा, दर वेळी. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी आईचे केस खूप गळतात, ते धुण्यात मिसळतात आणि मोज्याच्या आत गुंतून बसतात. असा केस बाळाच्या बोटाला वेढा घालून घट्ट झाला तर बोट सुजतं, निळं पडतं. बाळ विनाकारण रडत असेल तर पायाची बोटं एकेक करून बघा. केस दिसला आणि निघत नसेल तर तडक दवाखाना. आमच्याकडे वेढा नव्हता बसला, पण उजव्या मोज्यात वीतभर लांब केस सापडला होता, तेव्हापासून मोज्यांची घडी मीच घालते.